मराठी समजणारी घोडी

भाऊजी, तुमच्या समाचाराला आलेला जो तो "बड़े शौकीन आदमी थे" असं म्हणून गेला आणि दर वेळी माझं डोकं फिरलं. बनारसात शौकीन कोणाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पांढराशुभ्र कुडता घालून, गालात पान धरून, संध्याकाळी नावेतून हवा खायला निघतो तो शौकीन. तुम्ही रेल्वेतून निवृत्त झाल्यावर गमबूट चढवून लीद उचलत होता. आपल्याकडे याला हौशी म्हणतात. हौशी माणसाला जितके कष्ट पडतात तितके नोकरीत पडत नाहीत, हे मी तुमच्याकडे बघून शिकले. पण ते त्या लोकांना हिंदीत कसं सांगावं ते सुचेना, म्हणून मी चहा पुढे करत राहिले.

तुमचं तेरावं होऊन गेलं. माझा मुकुंद पुन्हा बँकेत जायला लागला. दिवस कसाबसा सरतो, पण संध्याकाळी तुमच्याशी भांडायची जी माझी वेळ होती ती तशीच रिकामी पडून राहते. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही ऐकून घ्याल अशी आशा नाही. हयात होता तेव्हा तरी कुठे घेत होता?

मी लग्न होऊन नागपूरहून संकठा घाटाजवळच्या या गल्लीत आले तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं आणि तुम्हाला धड मराठी. भाजीवाल्याशी काय बोलायचं, रिक्षावाल्याला कसं थांबवायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. बदल्यात मी तुमची मराठी दुरुस्त करायला घेतली. "वहिनी, पंखा चालवा," असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, "पंखा लावतात, चालवतात ती सायकल." "मला उशीर होऊन गेला," म्हणालात की मी म्हणायचे, "उशीर झाला. होऊन कुठे गेला तो?" तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरातल्या थोरांना वाटायचं की नवी सून धाकट्या दिराला फार बोलते. तुम्हाला कधी तसं वाटलं नाही, हे माझं नशीब.

मुकुंद शाळेत असतानाच तुमचे दादा गेले. त्यानंतर ड्यूटी संपली की स्वतःच्या बिऱ्हाडी जायच्या आधी तुम्ही रोज आमच्याकडे यायचात. आधार द्यायला आलोय असं एकदाही दाखवलं नाहीत. "वहिनी, भूक लागली," एवढंच. आमटी भुरकत मुकुंदचा अभ्यास घ्यायचात, नळाची गळती बघायचात, घरमालकाशी दोन शब्द बोलून यायचात. तुम्ही लग्न केलं नाहीत. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आता ते तसंच राहील.

आणि मग साठीला आल्यावर तुम्ही घोडा पाळायचं काढलंत.

खरं तर घोडा फार नंतर आला. आधी आलं कडबा कुट्टीचं यंत्र. रामनगरच्या पुढे जमिनीचा एक तुकडा घेतल्याचं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, भाजीपाला लावतील. दुसऱ्याच दिवशी लोहटियाच्या बाजारातून ठेल्यावर लादलेलं ते लोखंडी चाक आमच्या दारात हजर. रामनगरला शेड नव्हती म्हणून ते माझ्या अंगणात राहिलं. जनावराचा पत्ता नाही, चाऱ्याचा पत्ता नाही, आणि चारा कापायचं यंत्र मात्र तेलपाणी करून तयार. "बाजारात तुरी," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तोवर तुम्ही त्यात मेथी चिरून घ्या." शेजारच्या मिश्राइन येऊन विचारून गेल्या की तुमच्याकडे उसाच्या रसाचं दुकान निघतंय का.

मग जुना ट्रॅक्टर आला. तुमच्या तुकड्यात तो एका टोकाला नेला की वळवायला जागा उरत नव्हती; शेजाऱ्याच्या बांधावरून फिरवून आणावा लागायचा आणि शेजारी रोज नवी शिवी शोधून ठेवायचा. मग पंप, मग नांगर, मग बरसीम आणि जई असा हिरवा चारा पेरून झाला. तुम्ही सायकलवरून राजघाटचा पूल ओलांडून पडाव चौकातून रामनगरला जायचात आणि चिखलानं माखून परत यायचात. मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तुम्ही छाती फुगवून म्हणालात, "आपले पूर्वज घोड्यावरून काशीला आले." मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की ज्यांनी घाट बांधले ते घोड्यावरून आले, आपले पूर्वज त्यांच्या मागून पळीपंचपात्र घेऊन चालत आले. ते तुम्हाला पटलं नाही. पण खरं तेच आहे.

शेवटी बलियाकडच्या जनावरांच्या मेळ्यातून तुम्ही ती घोडी आणलीत. बदामी रंग, बुटकी, पोट सुटलेली, कपाळावर वेडावाकडा पांढरा ठिपका. रामनगरच्या काठावर तिला पाण्यात घालून आंघोळ घातलीत आणि तसेच ओलेकच्च घरी आलात. "वहिनी, एकदाचं गंगेत घोडं न्हालं!" मी त्याही वेळी तुम्हाला सांगितलं की ही म्हण काम तडीला गेल्यावर वापरतात, तुमचं तर आता सुरू होतंय. त्यावर तुम्ही म्हणालात की नागपूरच्या लोकांनी ही म्हण नुसती ऐकलेली असते, आम्ही ती करून दाखवली. मी तुमच्या अंगावर पंचा टाकला आणि चहा ठेवला.

तिचं नाव तुम्ही ठमी ठेवलंत. घोडी सांभाळायला तुम्ही ठेवलेला सईस बुधिराम, त्याला काही केल्या ते म्हणता येईना. तो तिला ठुमरी म्हणू लागला. आठवड्याभरात सगळं रामनगर तिला ठुमरी म्हणू लागलं आणि तुम्ही प्रत्येकाला थांबवून "ठुमरी नहीं, ठमी" असं सांगत फिरायचात. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "वही तो, ठुमरी."

आणि तिच्याशी तुम्ही फक्त मराठीत बोलायचात. थांब, हळू, मागे हो, पाय दे, तोंड उघड. मी विचारलं, इथे जन्मलेल्या जनावराला ही शिक्षा कशाला? तेव्हा तुम्ही मुकुंदकडे बघितलंत. लहानपणी चुरूचुरू मराठी बोलणारा माझा मुलगा कॉलेजात गेल्यापासून आमच्या प्रत्येक मराठी वाक्याला हिंदीत उत्तर द्यायचा, अजूनही देतो. तुम्ही म्हणालात, "याच्यापेक्षा ठमी बरी. उलट उत्तर तरी देत नाही." मुकुंद म्हणाला, "काका, वो बेचारी समझती कहाँ है." तुम्ही त्याला रामनगरला नेऊन दाखवलंत. ठमी थांबली, हळू चालली, मागे झाली. मुकुंद हसत हसत घरी आला आणि मला म्हणाला, "आई, उसको मुझसे ज़्यादा आती है." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

तुमचे गुडघे धरायला लागले, रिकिबीत पाय जाईना, तेव्हा तुम्ही तिला खाली बसायला शिकवलंत. "बस" म्हटलं की ती पुढचे पाय दुमडून खाली बसायची, तुम्ही आरामात पाठीवर चढायचात. मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजी, हा शब्द बदला. "बैस" म्हणा. इथे दिवसातून शंभर वेळा जो तो बस, बस म्हणत असतो. तुम्ही म्हणालात, "घोडीला व्याकरण नको, वहिनी."

मग मिश्राजींच्या मुलाची वरात निघाली. ठरवलेली घोडी आली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर मागूनही येईना. तुम्ही मोठ्या दिमाखात ठमी दिलीत. झूल, घुंगरू, गळ्यात गोंड्यांची माळ. बँड जोरात होता आणि पोरं नाचायची थांबेनात. मुहूर्त टळतोय म्हणून नवरदेवाच्या मामांनी हात वर करून आरोळी ठोकली, "बस! अब बस!" आणि ठमी बसली. भर रस्त्यात, शिस्तीत, पुढचे पाय दुमडून. नवरदेव सेहऱ्यासकट तिच्या मानेवरून घसरून बँडवाल्याच्या ढोलावर गेला. तुम्ही गर्दीतून धावत आलात आणि ओरडलात, "ऊठ, ठमे, ऊठ!" मामा आणखी भडकले. "एक तो घोड़ी बैठ गई, ऊपर से उसको ऊँट बोल रहे हैं!"

हसता हसता माझा पदर तोंडात गेला होता. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. ताट बाजूला सारून म्हणालात, "बैस म्हणायला हवं होतं." तुम्ही माझं म्हणणं मान्य केल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो. शब्द मात्र बदलला नाहीतच.

हे सगळं लिहायला सोपं आहे. पुढचं तितकं नाही.

तुम्हाला शिंगरू हवं होतं. अकरा महिने तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत. ठमीला काय खायला दिलं, पोट कोणत्या बाजूला हललं, काशीत असा डॉक्टर कुठे नाही, अलाहाबादेत कोण आहे. आणि ते शिंगरू मेलेलंच जन्मलं. तुम्ही ते स्वतः पुरलंत. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आलात आणि भूक लागली असं म्हणाला नाहीत. नुसते खुर्चीवर बसून राहिलात. मुकुंदनं तुम्हाला त्या रात्री घरी जाऊ दिलं नाही. कितीतरी दिवस मी तुमच्या पुढ्यात ताट ठेवत होते आणि तसंच उचलत होते. दादा गेले तेव्हाही मी तुम्हाला इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं, भाऊजी. मी घाबरले. म्हणून मी तुम्हाला शपथ घातली की पुन्हा नाही. ठमी राहू दे, तिच्यावर बसा, तिच्याशी बोला, पण शिंगरू नको. तुम्ही मान हलवलीत. मी तो होकार समजले.

तुम्ही ठमीला पुन्हा घोडा दाखवलात, हे मला बुधिरामकडून कळलं. तो आमच्याकडे बरसीमचं बी न्यायला आला होता आणि सहज बोलून गेला, "भाभीजी, ठुमरी गाभिन हौ." त्या संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला दारातच धरलं. ठमीचं वय काढलं, तुमचं वय काढलं, गुडघे काढले. तुम्ही म्हणालात, "घोडामैदान जवळच आहे, वहिनी. बघाल." मला त्या वेळी म्हण नको होती. मी म्हटलं, "आणि तुम्हाला काही झालं तर? त्या मुक्या जिवाशी मराठीत कोण बोलणार आहे?"

तुम्ही आत येऊन पानावर बसलात. वाटी पुढे करून आमटी मागितलीत. मी वाढली. मग मी म्हटलं, "मी तिकडे पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते." तुम्ही म्हणालात, "बरं." त्यानंतरही तुम्ही रोज येत राहिलात, आपण सगळ्या जगाविषयी बोललो, ठमीविषयी सोडून. आणि मग एक दिवस तुम्ही आला नाहीत. छातीत कळ आली ती तिकडेच, बरसीम कापताना. बुधिरामनं शेजाऱ्याच्या जीपमधून तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं आणि भांडण माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी जे बोलले ते खरंच होतं, बघा. तुम्ही गेलात आणि माझा प्रश्न तसाच उभा राहिला, चार पायांवर, पोटात शिंगरू घेऊन.

मुकुंदनं मिर्झापूरच्या बाजूचं एक गिऱ्हाईक शोधलं. लग्नाच्या घोड्या पाळणारा माणूस. मुकुंदचं तरी काय चुकलं? तो नोकरी करणार की लीद उचलणार? बुधिराम सांगत होता की ठमी खात नाही, जवळ आलं की दात विचकते, तो हाका मारतो तर कान मागे पाडते. त्याला मराठीतले दोन-चार शब्द येतात, पण त्याच्या तोंडून ते ठमीला ओळखू येत नसावेत. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. मी मुकुंदला हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं: ठमी कोणा परक्याच्या वरातीत उभी आहे, भोवती लोक हिंदीत ओरडतायत, आणि कोणीतरी बस म्हटलं म्हणून ती बसलीय आणि त्यासाठी मार खातेय.

काल सकाळी रामनगरच्या चहावाल्याच्या दुकानातून बुधिरामचा फोन आला. "भाभीजी, ठुमरी भोर से छटपटात हौ." ठमी पहाटेपासून तळमळतेय. मी मुकुंदला म्हटलं, स्कूटर काढ. तो म्हणाला, "आई, तुम जाओगी?" मी चपला घातल्या होत्या.

शेडपाशी पोचलो तर बुधिराम फाटकातच उभा होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही, आणि ते मला खटकलं. मी विचारलं, तुला कसं माहीत मी येईन? तो म्हणाला, "बाबूजी कहत रहलन, कुछ हो जाए त भाभीजी के बुला लिहा. हम कहली, ऊ त मना कइले हइन. कहलन, ऊ मना कइके आवेलिन."

काही झालं तर वहिनींना बोलाव, नाही म्हणून झालं की त्या येतात. असं सांगून ठेवलं होतंत तुम्ही माझ्याविषयी, एका सईसाला. मला तुम्ही समोर हवे होता, भाऊजी. चांगलं सुनावलं असतं.

आत डॉक्टर आला होता, तरुण पोरगा, घामानं निथळत होता. शिंगराचा पुढचा एक पाय आत दुमडलेला होता आणि तो सरळ केल्याशिवाय ते बाहेर येणार नव्हतं. पण ठमी त्याला जवळ येऊ देत नव्हती. गोल गोल फिरत होती, लाथ झाडत होती, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. बुधिराम दोरी धरून ओरडत होता, डॉक्टर बुधिरामवर ओरडत होता. मला घोड्यातलं काही कळत नाही. मी इतकी वर्षं शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवलं. तिथे वर्ग फार गलका करायला लागला की मी ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात म्हटलं, "ठमे, थांब."

तिचे कान माझ्याकडे वळले.

"थांब म्हटलं ना? उभी राहा नीट." मी तिच्या तोंडापाशी गेले. भीती वाटत होती. ते दात मी जवळून कधी पाहिले नव्हते. कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि बोलत राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्हाला बोलायचं राहिलेलं बरंचसं मी तिला बोलले. हट्टीपणा पुरे, कोणाचं ऐकायचं नाही ही काय रीत आहे, हळू, हळू, आता थोडंच राहिलं. ती थरथरत उभी राहिली. तिनं माझ्या आवाजाचं ऐकलं की त्या शब्दांचं, मला सांगता येणार नाही. डॉक्टरनं हात घातला, पाय सरळ केला. मग ती आपणहून आडवी झाली आणि पुढचे दोन खूर दिसले, त्यांवर ठेवलेलं नाक दिसलं, आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. ओलं, काळसर, हातभर लांब पाय असलेलं. ते शिंकलं. जिवंत होतं.

मादी आहे. आईसारखाच वेडावाकडा ठिपका आहे. दोनदा पडून तिसऱ्यांदा उभी राहिली आणि आईला लुचायला लागली. चीक प्यायली. वार नीट पडली, डॉक्टरनं तपासून बघितली. हे सगळं तुम्ही मला तपशिलानं विचारलं असतंत, म्हणून लिहिते आहे.

मुकुंद भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. मी हात धुतले आणि त्याला म्हटलं, त्या मिर्झापूरच्या माणसाला कळव, रविवारी येऊ नकोस म्हणावं. यापुढेही येऊ नकोस.

"पर आई," तो म्हणाला, "दाना-पानी, डॉक्टर, ये ट्रॅक्टर... अपने में से किसको आता है ये सब?"

मी म्हटलं, "मला मराठी येतं."

तो एकदम हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि मग मी रडले, भाऊजी. तेरा दिवसांत लोक म्हणत होते, रडा, मोकळ्या व्हा, आणि मला रडू येत नव्हतं. काल तिथेच पेंढ्यावर बसून, बुधिरामसमोर, त्या पोरसवदा डॉक्टरसमोर, मोठ्यानं रडले. ठमी मान वळवून बघत होती. मुकुंद माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, उगी."